माठावर चालणारा कॉम्प्युटर

तापलेल्या पोराच्या कपाळावर आई हाताची पालथी बाजू ठेवते ना, तसा तो कॉम्प्युटरच्या कुशीला हात लावायचा. जरा वेळ तसाच थांबायचा. मग घरात आणि आळीत सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर करायचा, "अंग कढत हाय."

त्याची बायको आतून ओरडायची, "मग काढा करून पाजा त्याला!"

शहापूरच्या आमच्या आळीत त्याचं घर शेवटचं. वर पत्रा, पुढं ओटा आणि पुढची खोली म्हणजे त्याचा स्टुडिओ. तो लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. माझं बाजारात झेरॉक्सचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान. त्यामुळे आमचं गिऱ्हाईक एकच. पत्रिकेचा मजकूर लिहून झाला की लोक विचारायचे, "ताई, शूटिंगला कोन चांगला हाय?" मी त्याच्याकडं बोट दाखवायची. काम बिघडलं की ते लोक परत माझ्याच दुकानात येऊन उभे राहायचे, म्हणून त्याच्या कामात मला लक्ष घालावं लागे. हौस म्हणून नव्हे.

त्याचं पेटंट वाक्य होतं, "घाई नाय. आधी डोक्यात चालवून बघू." आणि तो खरोखरच बघायचा. डोळे मिटून उभा राहायचा आणि उजव्या हाताची बोटं हवेत हळूहळू हलत राहायची. माझ्या दुकानाची पाटी लावायची होती तेव्हा तो असाच रस्त्याच्या मधोमध डोळे मिटून उभा राहिला. मागं रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला. शेवटी डोळे उघडून म्हणाला, "ताई, तुमी बोलता तिथं लावली तं शटर वर नाय जानार." म्हणून त्यानं पाटी वर लावली. शटर उत्तम उघडायचं. पाटी वाचायला मात्र माणसाला आभाळाकडं बघावं लागे. वर्षभर लोक मला विचारत होते, पाटी का नाही लावली?

असे लोक तुम्हीही पाहिले असतील. विचार पक्का करतात, पण एक बाजू सुटतेच.

आता त्याची अडचण सांगते, म्हणजे पुढचं समजेल. शूटिंग झालं की ते कॉम्प्युटरवर घ्यायचं, जोडायचं, मध्ये गाणी घालायची, नवरानवरीवर गुलाबाच्या पाकळ्या पाडायच्या, आणि हे सगळं झालं की कॉम्प्युटरला सांगायचं, आता याची एक सलग फिल्म कर. ती फिल्म करायला त्या काळच्या कॉम्प्युटरला तासन्‌तास लागत. मध्येच तो तापायचा आणि आपणहून बंद पडायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. सीझन एप्रिल-मेचा. रात्री हळदीचं शूटिंग, संध्याकाळी लग्नाचं. कॉम्प्युटरपाशी बसायला त्याला वेळ मिळे तो नेमका दुपारचा, तोही लोडशेडिंग नसेल तेवढाच. दुपारी त्याच्या पत्र्याखाली पापड ठेवला असता तर भाजून निघाला असता.

बाकी उपाय करून झाले होते. कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू कायमची उघडी टाकून टेबलफॅन लावला. त्या उघड्या बाजूनं पाल आत जाऊन बसली. माझ्या दुकानात आणून ठेव म्हटलं, तर झेरॉक्स मशीनच्या शेजारी उभं राहून तो म्हणाला, "ताई, हितं तं माजा पन जीव जाईल." एसी घे असं सांगणारे पुष्कळ भेटले. पत्र्याखाली आणि आमच्या व्होल्टेजवर एसी चालवून दाखवणारा एकही भेटला नाही.

त्यात त्याची फिल्म इतरांपेक्षा लांब. कारण तो धवले कापायचा नाही. आमच्याकडं लग्नात धवलारीण असते. म्हातारी, जाणती बाई. ती एकेका विधीचं गाणं, म्हणजे धवला, म्हणते, काही पाड्यांवर तर भटजीऐवजी तीच लग्न लावते. बाकीचे शूटिंगवाले तिचा आवाज बंद करून त्यावर सिनेमाचं गाणं टाकायचे. हा तिचं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ठेवायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, अर्धं काप. कॉम्प्युटरचा जीव वाचेल." तो म्हणाला, "आनि लगीन कंच्या गान्यावर लागलं ते नवरीच्या पोरांना कसं कलनार?"

माठ यायच्या आधीच्या सीझनला पुरती फजिती झाली. एका घरची मुलगी पहिल्या दिवाळसणाला माहेरी आली तरी लग्नाची सीडी तयार नव्हती. तिचा बाप त्याच्या ओट्यावर येऊन बसला आणि उठेना. चहा दोनदा झाला, जेवणही तिथंच झालं. जाताना म्हणाला, "बारशाची ऑर्डर पन तुलाच देऊन ठेवतो. दोन्ही संगाटीच दे."

आळीत हसू झालं. त्याची बायको हसली नाही. तिचा भाऊ वाशिंदला एका कंपनीत होता आणि त्यानं मेव्हण्यासाठी जागा बघून ठेवली होती. एका सकाळी ती माझ्या देखत त्याला म्हणाली, "हा एक सीझन बघा. यंदा पन डबा झोपला, तं मुकाट भावाकडं जायचं. टाइमावर जायचं, टाइमावर यायचं. पोरांना बाप तरी दिसल."

त्यानं मान डोलावली. वाद घातला नाही, कारण तिचं खरं होतं. पण ती आत गेल्यावर मला म्हणाला, "कंपनी वाईट नाय हो ताई. पन तिथं कोन हाक मारल, की शूटिंगवाले, अवो या, तुमच्याबिगर हलद नाय लागत?"

याच सुमाराला तो कल्याणला एका सायबर कॅफेत बसला असताना त्याला एक फोटो सापडला. कुठल्याशा परदेशी पोराचा घरातला कॉम्प्युटर. काचेची पेटी, आत निळा उजेड आणि जाड नळ्यांतून फिरणारं पाणी. पाण्यानं गार होणारा कॉम्प्युटर! त्यानं तो फोटो छापून आणला आणि माझ्याकडं मोठा करून घेतला. झेरॉक्समध्ये निळा उजेड काळाकुट्ट आला. तरी त्यानं तो स्टुडिओत देवाच्या कॅलेंडरशेजारी चिकटवला. बायकोनं एकदा पूजा करताना चुकून त्यालाही हळदकुंकू लावलं होतं.

दिवाळीपासून होळीपर्यंत तो डोक्यात पाणी चालवत होता. भेटेल त्याला सांगायचा: मेन चिपवर तांब्याची पोकळ डबी बसवायची. डबीतून पाणी फिरवायचं. पाणी उष्णता घेऊन बाहेर येईल. ते गार करायचं आणि पुन्हा आत सोडायचं. "बस, एवढंच," म्हणायचा, जसं काही सुईत दोरा ओवायचा आहे.

मी विचारलं, "पाणी आणि लाइट एका डब्यात? शॉक लागून मरशील."

"पानी नलीतनं जानार ताई, बाहेर कुठं येतंय?"

"नळीतून जाणारं पाणी बाहेर येत नाही, असं एक तरी घर दाखव मला शहापुरात."

यावर तो खरंच विचारात पडला. घाई नव्हतीच.

पंप मिळाला. घरातल्या कूलरचा असतो तो छोटा, पाण्यात बुडवून ठेवायचा. नळी मिळाली, गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती, पारदर्शक. तांब्याची डबी हायवेवरच्या एका रेडिएटर दुरुस्तीवाल्याकडून झाळून घेतली. त्या गृहस्थाचं आयुष्य ट्रकच्या रेडिएटरवर गेलेलं. त्याला आगपेटीएवढं काम दिल्यावर तो म्हणाला, "गाडी कुठली? खेळण्यातली?"

अडलं ते पाणी गार करण्याशी. फोटोतल्या पोराकडं त्यासाठी छोटा रेडिएटर आणि पंखा होता. रेडिएटरवाल्यानं याला एका जुन्या जीपचा काढून दिला. तो दाराएवढा. हातगाडीवरून घरी आणून भिंतीला टेकवल्यावर बायकोनं एवढंच विचारलं, "आनि जीप कधी येते?" तो भरायलाच इतकं पाणी लागे की छोटा पंप नुसता कण्हत राही. रेडिएटर परत गेला.

एक दिवस तो असाच स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बडबडत होता, गार पानी, गार पानी. बायको भाकरी थापत होती. वैतागून म्हणाली, "गार पानी पायजे तं माठ घ्या एक, आनि सोडा माजा पिच्छा!"

मी तिथंच होते, पीठ चाळायची चाळणी परत द्यायला आले होते. त्याचे डोळे मिटले. बोटं हलायला लागली. बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि कपाळावर पिठाचा हात मारून घेतला.

माठ घ्यायला तो मुरबाडच्या बाजारात गेला. मलाही पत्रिकांचा कागद बघायचा होता म्हणून आम्ही बरोबरच होतो. कुंभारीण एकेक माठ वाजवून दाखवत होती. एक हातात घेऊन तिनं बाजूला ठेवला. "ह्यो नको. ह्यो लय पाझरतो."

"मावशी, तोच द्या," हा म्हणाला.

"अरे, घर वल्लं करल तो."

"जितका पाझरल तितका गार. पाझरनाराच द्या."

तिनं माझ्याकडं बघितलं. बरोबरचं बाईमाणूस असा माठ घेऊ देतं, हे तिला पटत नव्हतं. मी दुसरीकडं बघितलं.

मग मी माझी अट घातली. ही नळ्यांची रांग लगेच कॉम्प्युटरला लावायची नाही. आधी तिच्यातून नुसतं पाणी फिरवायचं, आणि खाली कागद अंथरून बघायचं की थेंब पडतो का. कागद मी दिला. माझ्याकडं चुकीच्या छापलेल्या पत्रिकांचा गठ्ठा कायम असतो. लाल शाईच्या त्या पत्रिका. पाणी लागलं की शाई लगेच पसरते. त्याच्या टेबलावर मी त्या हारीनं मांडल्या आणि पंप सुरू केला. पहिला थेंब दुपारच्या आतच पडला, नेमका 'चि. सौ. कां.' वर. तो लगेच "अपशकुन, अपशकुन" करायला लागला. मी म्हटलं, "अपशकुन नाही, क्लॅम्प ढिला आहे. आवळ." आवळला. पुढं कितीतरी दिवस ते पाणी माठातून डबीत आणि डबीतून माठात फिरत राहिलं, आणि पत्रिका कोरड्या राहिल्या.

दुसरं भांडण औषधावरून झालं. रेडिएटरवाल्यानं त्याला एक हिरवं द्रावण दिलं होतं. ट्रकच्या पाण्यात घालतात ते. शेवाळ धरत नाही आणि तांबं खराब होत नाही. हा ते माठात ओतायला निघाला. मी बाटली हातातून काढून घेतली.

"हे विष आहे. माठ दिसला की आपल्याकडचा माणूस पाणी पितो. विचारत बसत नाही."

"ताई, नल्या दिसतात ना वर! कोन पिल?"

"कोणीही पिईल. डोक्यात चालवून बघ."

त्यानं डोळे मिटले. बराच वेळ मिटले होते. मग स्वतःच बाटली नेऊन रेडिएटरवाल्याला परत दिली. माठात साधं पिण्याचं पाणी भरलं आणि आठवड्यातून एकदा ते बदलायचं ठरलं.

पाणी बदलायचं म्हटल्यावर आळी जागी झाली. आमच्या तालुक्यातल्या धरणांचं पाणी मुंबई पिते, आणि एप्रिल लागला की आमच्या नळाला करंगळीएवढी धार. पलीकडची एक काकी ओट्यावरून म्हणाली, "मानसाला पानी नाय आनि याच्या डब्याला गार पानी पायजे! उद्या त्याला सरबत करून पाजल." तो समजावायचा, काकी, तेच पाणी परत परत फिरतंय, वाया नाय जात. काकी म्हणायची, "पाझरतंय ते?"

हनुमान जयंतीला डबी कॉम्प्युटरवर बसली. टेबलाखाली वाळू भरलेल्या कड्यावर माठ, माठाच्या तोंडातून दोन नळ्या वर गेलेल्या, झाकणाला त्यासाठी खाच पाडलेली. कॉम्प्युटर सुरू झाला, पहिल्या लग्नाची फिल्म लागली. तो दर थोड्या वेळानं उलटा हात लावून बघत होता आणि हात काढताना त्याचा चेहरा फुलत होता. "ताई, नॉर्मल!" बायको दारातून बघत होती. म्हणाली, "एक लगीन झालं म्हंजे सीझन झाला नाय."

सीझन खरंच चांगला निघाला. दुपारच्या फिल्मा दुपारी होऊ लागल्या. मी पत्रिकांच्या गिऱ्हाइकांना छाती पुढं काढून त्याचं नाव सांगू लागले.

फक्त एक गोष्ट त्याला कळत नव्हती. माठातलं पाणी अंदाजापेक्षा लवकर कमी व्हायचं. पाझर किती, वाफ किती, तो डोक्यात गणित घालत बसे. एकदा मी त्याच्याकडं गेले तर आटगावहून सीडी न्यायला आलेला एक गृहस्थ टेबलाखाली वाकलेला. झाकण बाजूला केलं, तिथलाच पेला घेतला, नळ्यांच्या मधून पाणी काढलं, उभ्यानं प्यायला आणि पसंतीनं म्हणाला, "फिल्टर बसवलाय का? बरं केलं."

तेव्हा उलगडा झाला. उन्हातून आलेला माणूस माठ बघतो आणि पाणी घेतो, यात नवल नाही. पण नळ्या बघून तो घाबरेल, असं आमच्या शूटिंगवाल्याला वाटलं होतं. उलट नळ्यांमुळे लोकांना तो पाणी शुद्ध करायचा नवा प्रकार वाटत होता. आधी एक पेला पिणारा आता दोन पीत होता.

मी म्हटलं, "त्यावर चिठ्ठी लाव."

"काय लिहू? पानी पिऊ नका? दारात आलेल्या मानसाला?" तो म्हणाला. "त्यापेक्षा मी भरत जाईन ताई."

मेच्या मध्याला वैशाखऱ्याच्या लग्नाचं काम आलं. वैशाखरे म्हणजे त्याच्या बायकोचं माहेर. लग्न तिच्या नात्यातलं, नवरा मुलगा मिलिटरीत. त्याची सुटी संपत आली होती आणि जाताना त्याला सीडी बरोबर न्यायची होती. यात चूक झाली असती तर माझ्या दुकानात कोणी भांडायला आलं नसतं, पण तिला माहेरी तोंड दाखवता आलं नसतं.

ठरलेल्या दुपारी फिल्म लावली आणि ती निम्मी झाली असेल नसेल, तोच दारात टेम्पो थांबला. नुसता नवऱ्याचा बाप यायचा, तर अख्खं घर आलं. आधी टीव्हीवर बघू, मग नेऊ. आत्या, मावश्या, पोरंबाळं, आणि ज्या म्हातारीनं लग्नात धवले म्हटले होते तीही. तिला आपला आवाज ऐकायचा होता. वाशिंदच्या कंपनीतला मेव्हणाही त्यांच्यातच. त्याला त्या जागेचं उत्तर हवं होतं.

घाट रस्त्यानं, भर उन्हात, टेम्पोच्या हौद्यातून आलेली ती माणसं. सगळ्यात आधी धवलारीण माठाशी गेली. झाकण उचलून म्हणाली, "गो, ह्या नल्या कसल्या?"

"फिल्टर हाय आजी," टेम्पोतल्या एका पोरीनं सांगितलं. "शहापुरात आता असाच असतो."

म्हातारी प्यायली. चव घेऊन म्हणाली, "जरा कोंबट हाय. पन गोड हाय." तिनं पास केल्यावर बाकीच्यांनी रांग लावली.

मी आणि त्याची बायको आतल्या दारात उभ्या होतो. तो कॉम्प्युटरपाशी. पेल्यामागून पेला जात होता. थोड्याच वेळात माठातून गुरगुर ऐकू आली. पंप पाण्याच्या वर उघडा पडायला लागला होता. त्यानं डब्याला उलटा हात लावला आणि या वेळी काही जाहीर केलं नाही. नुसतं बायकोकडं बघितलं. मग पाहुण्यांकडं वळून त्यानं तोंड उघडलं.

"खबरदार," ती हळू आवाजात म्हणाली. "माज्या माह्यारच्या मानसांना पान्याला नाय बोलनार तुमी."

"मग डबा झोपल गो."

मेव्हणा तिच्याकडंच बघत होता. ती वळली, चुलीशेजारचा आपला पिण्याचा हंडा उचलला, पुढच्या खोलीत आणला आणि सगळ्यांदेखत माठात ओतला. "प्या हो मावशी, लाजू नका. पानी भरपूर हाय."

पाणी भरपूर नव्हतं. त्या दिवशी नळाला थेंब आला नव्हता, हे आम्हा दोघींना माहीत होतं. मी घरी जाऊन माझी कळशी आणली. मग दुसरी. ओट्यावरून काकी बघत होती. मी तिसऱ्यांदा जायला निघाले तर ती आपला तांब्याचा हंडा कडेवर घेऊन समोर. "घे," म्हणाली, "पाज त्याला. वैशाखऱ्यापर्यंत आलीची अब्रू नको जायला."

पुढून पाहुणे काढत होते, मागून आम्ही ओतत होतो. तो मध्ये उभा राहून सगळ्यांना हसून म्हणत होता, "प्या, प्या, मोकल्या मनानं प्या." थोड्या वेळानं त्यानं डब्याला हात लावला. पुन्हा लावला. मग मला बाजूला बोलावून कुजबुजला, "ताई, गार पडलाय. सीझनभर एवढा गार नव्हता."

विचार केला तेव्हा लक्षात आलं. कॉम्प्युटरनं तापवलेलं पाणी पाहुणे पिऊन टाकत होते आणि त्या जागी आमच्या हंड्यांतलं गार पाणी येत होतं. परदेशी पोराकडं रेडिएटर होता, याच्याकडं वैशाखऱ्याचं वऱ्हाड.

फिल्म पुरी झाली. टीव्हीवर लागली तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. धवलारीण अगदी पडद्यापुढं बसली. तिचा आवाज आला तशी ती दचकली, मग पदर तोंडावर धरून ऐकत राहिली. मध्येच म्हणाली, "हितं मी एक कडवं इसरले होते रे."

"तुमी परत मागं जाऊन म्हनलात आजी. तसंच ठेवलंय," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. "बरं केलंस. नायतर हलद अर्धीच राह्यली असती."

टेम्पो निघायच्या वेळी मेव्हण्यानं बहिणीला विचारलं, "मग काय सांगू तिकडं?"

ती रिकामे हंडे एकात एक घालत होती. वर न बघता म्हणाली, "दुसरं मानूस बघा, असं बोल. ह्यांना आता जून लागेपर्यंत टाइम नाय."

त्या घरात कंपनीचा विषय पुन्हा निघाला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं ओट्यावर पाहुण्यांसाठी वेगळा माठ मांडला. तो न पाझरणारा होता. तिनं स्वतः वाजवून आणला होता.

नंतर कॉम्प्युटर बदलले, डबी-नळ्या निघाल्या. पुढं वैशाखऱ्याला रस्त्याला लागून तिच्या वाट्याची जागा होती, तिथं त्यांनी स्लॅबचं घर बांधलं आणि स्टुडिओ तिकडं नेला. आळीतल्या शेवटच्या घरात आता दुसरी माणसं राहतात. गिऱ्हाईक अजून विचारतं, ताई, शूटिंगला कोण? मी दुसरी नावं सांगते. मुलं चांगली आहेत. धवले कापतात.

माझ्या भाचीचं लग्न मुरबाडला झालं तेव्हा मात्र मी त्यालाच बोलावलं. तो आला, आणि कॅमेरा बायकोच्या खांद्यावर. चुडा भरायच्या वेळी बायकांच्या घोळक्यात पुरुषाला शिरता येत नाही, म्हणून तेवढं ती करायची, मग हळूहळू बरंच काही तीच करू लागली. ती नवरीला हनुवटी वर करायला सांगत होती, कासारणीला हात बाजूला घ्यायला सांगत होती. तो मांडवाच्या कडेला, बाहेर, बॅटरीची पिशवी धरून उभा होता.

ती सीडी माझ्याकडं आहे. भाची आली की लावतो. एवढी लग्नं टिपली त्यानं, पण त्याचा म्हणून फोटो कोणाकडं नाही. मीही त्या फिल्ममध्ये शोधला. कुठंच नाही. फक्त चुडा भरताना, उन्हं कललेली आहेत, आणि नवरीच्या तोंडावर बाहेरून एक सावली पडलेली दिसते. कॅमेऱ्यामागून त्याच्या बायकोचा आवाज येतो, "अहो, जरा बाजूला व्हा. सावली पडते तुमची."

सावली लगेच हलत नाही. थोडी थांबते. मग हळूच सरकते, आणि नवरीचा चेहरा उजेडात येतो.